दिसतंय का, मुलांनो?

रात्रीचे आठ वाजले की माझा फोन टिंग करतो आणि पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत कोरेगाव तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा भरते. पडद्यावर आधी नुसता अंधार असतो. मग कुणाचा तरी अंगठा येतो. अंगठा हलला की गुरुजींच्या फोनचा पडदा उघडतो. मागे विठ्ठलाचा फोटो आणि त्यावर अ‍ॅपच्या चौकोनांची एवढी दाटी, की देवाचे हात कमरेवर आहेत हे आपण श्रद्धेनं मानायचं. आणि आवाज येतो, "दिसतंय का, मुलांनो?"

मुलांनो म्हणजे आम्ही. आमच्यातल्या सर्वांत लहान मुलाला यंदा चाळिशीचा चष्मा लागला आणि सर्वांत मोठा मुलगा गुरुजींपेक्षा सहा वर्षांनी थोरला आहे. पण एकदा फळा समोर आला की गुरुजींना वय दिसत नाही, बाकं दिसतात. फोनच्या पडद्याला ते फळाच म्हणतात. सबस्क्रायबर म्हणजे पट. कॉमेंट म्हणजे हजेरी. लाइक केलं तर "हात खाली करा" असं सांगतात.

हा नाद लागला २०२० मध्ये. मार्चात शाळांना कुलपं लागली आणि 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी सरकारी मोहीम निघाली. गुरुजींच्या वर्गात मुलं एकोणीस आणि घरात फोन असलेली सात. त्या सात जणांपुढं त्यांनी पहिल्यांदा आपल्या फोनचा पडदा उघडला, वजाबाकीचं उदाहरण मांडलं आणि हरखून गेले. खडू झिजत नव्हता, डस्टर झटकावं लागत नव्हतं आणि मुलं जागेवरून उठत नव्हती. पुढच्याच वर्षी शाल, श्रीफळ आणि नटराजाची मूर्ती घेऊन ते निवृत्त झाले. तेहतीस वर्षांची नोकरी संपली, पण फळा खिशात राहिला.

लाइव्हच करायचं तर फेसबुकवर चेहरा दाखवून करा, असं पोरांनी सुचवलं. ती सोय २०१६ पासून सगळ्यांनाच होती. गुरुजींना ते पटेना. "माझं तोंड काय बघायचंय? तेहतीस वर्षं बघितलंय की सगळ्यांनी. फळ्याकडं बघा." मग कुणीतरी शोध लावला, की यूट्यूबच्या अ‍ॅपमधून नुसता फोनचा पडदाही लाइव्ह दाखवता येतो. अट एकच. फोनवरून लाइव्ह जायला पन्नास सबस्क्रायबर हवेत.

पट कमी पडला की शाळा बंद पडते, हे जिल्हा परिषदेच्या गुरुजींना कुणी शिकवावं लागत नाही. दरवर्षी जूनमध्ये पटनोंदणीला निघत, तसेच ते वही घेऊन निघाले. वरची आळी, खालची आळी, मळा, वस्ती. दारात उभं राहून लोकांचे फोन हातात घ्यायचे, बटण दाबायचं आणि वहीत टिक करायची. सत्तेचाळीसवर गाडं अडलं. मग गुरुजींच्या घरच्या काकू अठ्ठेचाळिसाव्या, मी एकोणपन्नासावा आणि मस्कतला असलेला एक जुना विद्यार्थी पन्नासावा. "परगावचा आहे, पण पटावर चालतो," असा शेरा वहीत आजही आहे.

पहिल्या लाइव्हची दवंडी झाली. आठच्या ठोक्याला पारावर तीस-पस्तीस माणसं फोन उघडून बसली. गुरुजींनी बटण दाबलं, तर यूट्यूबनं कळवलं की पहिल्यांदा लाइव्ह सुरू व्हायला चोवीस तासांपर्यंत वेळ लागू शकतो. गुरुजी पारावर आले आणि गंभीरपणे म्हणाले, "आज पहिला दिवस. सुट्टी."

दुसऱ्या दिवशी शाळा सुरू झाली आणि पहिल्याच मिनिटाला जे घडलं ते आजतागायत घडतं आहे. पडदा दाखवायला सुरुवात करण्याआधी फोन एक चौकट पुढं करतो. तिच्यात स्वच्छ लिहिलेलं असतं, की आता तुमच्या पडद्यावर जे जे येईल ते ते या अ‍ॅपला दिसेल, मग ते पासवर्ड असोत, पैशांचे व्यवहार असोत, फोटो असोत की मेसेज असोत. ज्या माणसानं हजारो पेपरांच्या डोक्यावर 'सूचना नीट वाचा' असं लिहिलं, त्यानं ती चौकट एकदाही वाचलेली नाही. ती आली की गुरुजी म्हणतात, "ही जाहिरात आहे," आणि 'सुरू करा' दाबतात.

शिकवण्यात मात्र हयगय नाही. सातबारा कसा काढायचा, गॅसचा नंबर कसा लावायचा, २०२४ मध्ये लाडक्या बहिणींचे दीड हजार जाहीर झाले तेव्हा 'नारीशक्ती दूत' अ‍ॅपवर अर्ज कसा भरायचा, हे सगळं टप्प्याटप्प्यानं, पाटीवर अक्षर गिरवल्यासारखं. अडचण एवढीच, की हाडाचा शिक्षक बोट ठेवून शिकवतो. "हे बघा, इथं. मी बोट ठेवलंय तिथं." आम्हाला पडदा दिसतो, बोट दिसत नाही. "दिसलं का?" म्हणून ते बोट आणखी घट्ट दाबून धरतात, आणि फोन त्याचा वेगळा अर्थ घेऊन 'हे अ‍ॅप काढून टाकायचं का?' असं विचारतो. या पद्धतीनं गुरुजींनी आतापर्यंत तीन अ‍ॅप शिकवता शिकवता काढून टाकली आहेत.

दुसरी अडचण उशिराची. गुरुजी आठ वाजता जे बोलतात ते आम्हाला आठ वाजून दहा-पंधरा सेकंदांनी पोचतं. "दिसतंय का?" म्हणून ते थांबतात. उत्तर येत नाही. "अरे, दिसतंय का?" तरी नाही. ते वैतागून "जाऊ दे, पुढं चला" म्हणतात, तोवर पहिल्या प्रश्नाचे सत्तावीस होकार येऊन आदळतात आणि गुरुजी ओरडतात, "एकेकानं बोला!" स्वयंपाकघरात काकू तेच लाइव्ह लावून भाकरी थापत असतात. त्यामुळे गुरुजींना आपलंच वाक्य पंधरा सेकंदांनी मागून ऐकू येतं. पहिल्या दिवशी ते गर्रकन वळले होते आणि म्हणाले होते, "कोण रे तो माझी नक्कल करतोय? बाकावर उभा राहा." पुढची पंधरा सेकंदं भाकरीचा आवाजसुद्धा आला नाही.

एकदा तर हजेरी नीट दिसावी म्हणून त्यांनी पडदा दाखवता दाखवता त्याच फोनवर स्वतःचं लाइव्ह उघडलं. जुन्या सलूनमध्ये समोरासमोर आरसे असतात आणि खुर्चीतल्या माणसाला आपल्या टकलाची रांग क्षितिजापर्यंत गेलेली दिसते, तसं झालं. फोनमध्ये फोन, त्यात फोन, त्यात फोन आणि सगळ्यांत आत मुंगीएवढा विठ्ठल. मी पुण्यात हसत होतो. मळ्यातल्या एका म्हातारीनं मात्र हात जोडले.

खडूच्या फळ्यावर मास्तर लिहील तेवढंच उमटतं. हा फळा स्वतःच लिहितो, हे गुरुजींच्या लेखी नाहीच. फॉर्मचा रकाना समजावून देत असताना वरून मेसेज टपकतो, 'गुरुजी, उदया ऊस तोड आहे, ट्रँक्टर मीळेल का'. दुसऱ्या कुणी घाईघाईनं तो झटकला असता. गुरुजी थांबतात. "बघा, 'उद्या'चा द जोडायचा. ट्रॅक्टरवर अनुस्वार कशाला? आणि मिळेलचा मि पहिला." ज्यानं मेसेज पाठवलेला असतो तोही समोर बसलेला असतो. आमच्या गावातलं शुद्धलेखन अलीकडं सुधारलं आहे ते भीतीनं.

मेसेजपेक्षा फोन वाईट. ग्रामपंचायतीच्या पाणीपट्टीचा धडा चालू होता. पडदाभर नाव झळकलं, 'सरपंच (नवा) उचलू नये'. सरपंच तेव्हा पारावर बसून लाइव्हच बघत होता, आवाज बारीक येतोय एवढं सांगायला त्यानं फोन लावला होता. पार चिडीचूप. गुरुजींनी शांतपणे फोन उचलला आणि म्हणाले, "बोला सरपंच, तुमचंच नाव घेत होतो."

पेन्शन अजून झाली नाही, असं काकूंना सांगून गुरुजींनी एका महिन्यात शब्दकोशाचे खंड मागवायचा बेत केला होता. बँकेचा मेसेज ऐन लाइव्हमध्ये खाली उतरला, रकमेसकट. पंधरा सेकंदं सामसूम होती. मग स्वयंपाकघरातून उलथनं आपटल्याचा आवाज पटावरच्या सगळ्यांनी ऐकला.

असाच एकदा एका पतसंस्थेचा मेसेज आला, 'आपण जामीन असलेल्या कर्जाचा हप्ता थकीत आहे'. त्या वेळी मात्र गुरुजींनी शुद्धलेखन तपासलं नाही, पटकन बोटानं वर ढकलला. पण तोवर गावानं वाचला होता. गुरुजी अजून सायकलवरच का फिरतात, याचा उलगडा त्या रात्री झाला. जुन्या विद्यार्थ्याला जामीन राहिले होते आणि त्यानं थकवलेले हप्ते आपल्या पेन्शनीतून गुपचूप भरत होते. दुसऱ्या दिवशी तो विद्यार्थी पटावर गैरहजर होता. तिसऱ्या दिवशी पैसे घेऊन दारात आला. गुरुजींनी विषय काढला नाही, फक्त "काल गैरहजर होतास, चिठ्ठी आण," एवढंच म्हणाले.

मी एकदा सुट्टीत गेलो तेव्हा त्यांना 'व्यत्यय नको'चं बटण दाखवलं. ते दाबलं की मेसेज वरून पडत नाहीत. गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे शिकवताना मुलानं हात वर केला, तर मी म्हणू खाली कर?" विषय संपला.

गुरुजींच्या कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला धडा शेतात झाला. पिकांची नोंद पूर्वी तलाठी करायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर शेतकऱ्यानं ती स्वतः करायची, हे राज्यभर सुरू झालं. आमच्याकडं आलं, घेवडा, सोयाबीन. वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं, त्यामुळे नोंद चुकलेली कुणाला परवडत नाही. अ‍ॅप म्हणतं, खातं निवडा, गट निवडा, हंगाम निवडा, पीक निर्भेळ की मिश्र ते सांगा आणि शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढा. गुरुजींनी ठरवलं, की हे पारावर बसून शिकवण्यासारखं नाही, प्रात्यक्षिक पाहिजे.

सकाळी नऊला फळा शेतात गेला. पटावर त्रेचाळीस जण हजर, त्यांतले पंधरा भावकीतले. हे सांगायला हवं, कारण गुरुजींच्या आणि त्यांच्या चुलतभावाच्या शेतामधला बांध दोन फुटांचा असला तरी त्यावरचं भांडण वडिलांच्या काळापासूनचं आहे. चुलतभाऊ म्हणतो, गुरुजींचं आलं त्याच्या हद्दीत एक सरी आत आहे. गुरुजी म्हणतात, त्याचा बांधच सरकतो.

"आता आपण फोटो काढूया," म्हणत गुरुजी बांधाकडेच्या सरीत उभे राहिले. सगळा पट बघत होता. अ‍ॅपनं क्षणभर चक्र फिरवलं आणि पडद्यावर कळवलं, की तुम्ही निवडलेल्या गटाच्या बाहेर आहात.

हजेरीत पहिली कॉमेंट चुलतभावाची पडली, "घ्या. आता सरकारच सांगायला लागलं."

त्यानंतर वीस मिनिटं जे झालं त्याला लाइव्ह हा शब्द शोभतो. चुलतभाऊ घरातून निघाल्याचं कॉमेंटमधून कळलं, ओढा ओलांडल्याचं कळलं आणि मग आवाजच ऐकू यायला लागला. पडद्यावर नकाशावरचा निळा ठिपका या गटातून त्या गटात उड्या मारत होता, कारण भांडताना गुरुजी हातवारे करत होते आणि फोन हातातच होता. शेवटी मस्कतच्या विद्यार्थ्यानं लिहिलं, "गुरुजी, मोकळ्या आभाळाखालीसुद्धा फोनचं जीपीएस साधारण पाच मीटर इकडंतिकडं दाखवतं."

दोघांनी ते वाचलं. पाच मीटर म्हणजे सोळा फूट. बांध दोन फुटांचा. चुलतभाऊ आपल्या सरीत जाऊन उभा राहिला आणि त्यानं त्याच फोनवरून स्वतःचा गट निवडून बघितला. अ‍ॅपनं त्यालाही गटाच्या बाहेर काढलं. गुरुजी म्हणाले, "बघा मुलांनो, दोन्ही उत्तरं चूक." आणि दोन पिढ्यांत पहिल्यांदा ते दोघं एकाच सरीत बसून पाणी प्यायले. फळा चालूच होता. वीस मिनिटं आम्ही गुरुजींच्या शर्टाच्या खिशाचं आतलं अस्तर बघितलं.

एकच पान गुरुजींना कधी दाखवता आलं नाही, ते बँकेचं. बँकेचं अ‍ॅप उघडलं की आम्हाला फळा काळाकुट्ट. "गुरुजी, लाइट गेली का?" "माझ्याकडं तर स्वच्छ दिसतंय, डोळे तपासून घ्या." बँकेच्या अ‍ॅपनं पडदा चोरून दाखवायला बंदी केलेली असते, ते आपण होऊन दार लावून घेतं, हे मी सांगितलं तेव्हा त्यांना तो अपमान वाटला. "माझ्या वर्गात मी असताना दार लावणारी ती कोण?"

ते त्यांना कळलं आक्कांमुळं. आक्का पंचाहत्तरीच्या, लाइव्हला एक दिवस खाडा नाही. एके दुपारी त्यांना फोन आला, 'बँकेतून बोलतोय, तुमची केवायसी संपली, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल करतो, स्क्रीन दाखवा'. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्ये पडदा दाखवायची सोय २०२३ च्या ऑगस्टमध्ये आली आणि गुरुजींनी ती त्याच आठवड्यात शिकवलीही होती. आक्कांना कोण आनंद! शिकलेलं उपयोगी पडत होतं. त्यांनी बटण दाबलं, ती चौकट आली, 'ही जाहिरात आहे' म्हणून सुरू केलं आणि विचारलं, "दिसतंय का, बाळा?"

"दिसतंय," तो म्हणाला.

"मग हजेरी दे. नाव काय तुझं? गाव कंचं? कुणाचा तू?"

त्यानं नाव सांगितलं. आक्कांनी आडनाव विचारलं. आडनाव सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्या गावात त्या आडनावाचं घर न्हाय. माझी नणंद दिली हाय तिथं." फोन कट झाला. ओटीपी यायला अवकाश होता, तो यायच्या आधी वंशावळ आली.

त्या रात्री आठ वाजता फळा आलाच नाही. पहिल्यांदा गुरुजींचा चेहरा आला, दाढी न केलेला. आक्कांची हकिगत त्यांनी सांगितली. पलीकडच्याला आपला पडदा दिसत असला की वरून पडणारा ओटीपीही तो वाचतो, हे सांगितलं. फोनचा ताबा दुसऱ्याकडं देणाऱ्या अ‍ॅपबद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं, हेही सांगितलं. आणि मग म्हणाले, "दाखवायचं कसं ते शिकवलं. कुणाला दाखवायचं नाही, ते शिकवायचं राहिलं. चूक माझी." तेहतीस वर्षांत आमच्या वर्गात हे वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं.

आता रोज आठ वाजता आधी उजवा हात पुढं करून सगळे म्हणतात, की माझ्या फोनचा पडदा मी अनोळखी माणसाला दाखवणार नाही, ओटीपी आईलासुद्धा सांगणार नाही आणि फसलोच तर लाजत न बसता लगेच १९३० ला फोन करीन. हे सगळं गुरुजी सांगतात आपला पडदा साऱ्या जगाला उघडा ठेवून. बँकेचं सिमकार्ड तेवढं जुन्या बटणांच्या फोनमध्ये गेलं आणि तो फोन काकूंच्या तांदळाच्या डब्यात. त्यामुळे गुरुजींची पेन्शन कधी होते ते आता गावाला कळत नाही, काकूंना कळतं.

पट सध्या तीनशे बारा आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. गुरुजींना मूठ झाकता येत नाही आणि त्यांच्या उघड्या हातात आम्हाला आजवर लाज वाटावी असं काही सापडलेलं नाही. तुम्हीही येऊन बसा, रात्री आठला. फक्त आठ ते नऊ त्यांना मेसेज करू नका, आम्ही सगळे वाचतो. करायचाच असेल, तर ऱ्हस्व-दीर्घ तपासून करा.